रुळावे किती, बदलावे किती? नव्या शाळेतील पहिले काही महिने

सातवीत असताना जून महिन्यात मी पुण्यातील एका शाळेत दाखल झालो. वडिलांची बदली झाली होती आणि भंडारा जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेचा दाखला घेऊन आम्ही इकडे आलो होतो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मराठीच्या तासाला बाई बाकांमधून फिरत माझ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "काय रे, काय चाललंय तुझं?" मी उभा राहून उत्तर दिले, "लिहून राहिलो, बाई." वर्ग हसला. बाईंनाही हसू आवरले नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "लिहून राहिलास ना, मग आता जा की!" आणि सगळे पुन्हा हसले. मला त्यातला विनोद कळला नाही, कारण आमच्याकडे 'लिहीत आहे' याला 'लिहून राहिलो' असेच म्हणतात. पुस्तकातील मराठी वेगळी असते हे मला ठाऊक होते, पण माणसे समोरासमोर तशीच बोलतात हे मी त्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकत होतो.

संध्याकाळी आईने विचारले, "कशी आहे शाळा?" मी म्हणालो, "बरी आहे." त्यानंतर जवळजवळ दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वर्गात कोणी विचारल्याशिवाय मी तोंड उघडले नाही.

आता मी स्वतः माध्यमिक शाळेत शिकवतो आणि दर जूनमध्ये पाचवीच्या आणि आठवीच्या वर्गात अशी गप्प बसलेली मुले पाहतो. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा चौथी-पाचवीपर्यंत किंवा सातवी-आठवीपर्यंत असतात, त्यामुळे खेड्यातील मुलाला दहावी होण्याआधी एकदा तरी शाळा बदलावीच लागते. कोणी सहावीत नवोदय विद्यालयाच्या वसतिगृहात जाते, कोणी पाड्यावरून आश्रमशाळेत येते, कोणाच्या वडिलांची बदली होते, तर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांची शाळा वर्षात दोनदा सुटते. या सगळ्यांच्या मनात एकच कोडे असते, जरी ते शब्दांत मांडता आले नाही तरी : इथे रुळायचे असेल तर मला यांच्यासारखे व्हावे लागेल, आणि मी जसा आहे तसाच राहिलो तर एकटा पडेन. हे कोडे कशातून निर्माण होते आणि ते वाटते तितके अवघड का नाही, हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

दोन गरजा, एकाच माणसाच्या

आपल्या भाषेत या विषयासाठी दोन अचूक क्रियापदे आहेत : मिसळणे आणि विरघळणे. डाळ-तांदूळ एकत्र केले तर मिसळतात, पण दाणा दाण्याच्या जागी राहतो. मीठ पाण्यात टाकले तर विरघळते, मग ते शोधूनही दिसत नाही. नव्या शाळेतील मुलाला मिसळायचे असते, पण घाबरलेल्या मनाला सोपा मार्ग विरघळण्याचा वाटतो.

मिसळण्याची ओढ हा कोणाचा दुबळेपणा नाही. रॉय बॉमायस्टर आणि मार्क लिअरी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये तोवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेऊन असे मांडले की, कोणत्या तरी गटाचा भाग असणे ही माणसाची मूलभूत गरज आहे. ती केवळ आवडीनिवडीची बाब नाही. मोजकी का होईना पण टिकाऊ आणि आपुलकीची नाती नसतील, तर त्याचा परिणाम मनावर होतो आणि शरीरावरही होतो. त्यामुळे 'तुला मित्र कशाला हवेत, तू अभ्यासाकडे लक्ष दे' हा सल्ला, तो कितीही मायेने दिलेला असला, तरी भुकेल्याला पाणी पिऊन झोप म्हणण्यासारखा आहे. मित्र नसलेल्या मुलाचे लक्ष अभ्यासात लागत नाही, कारण त्याचे निम्मे लक्ष मधल्या सुट्टीत कुठे उभे राहायचे या विचारात गुंतलेले असते.

याची दुसरी बाजू मानसशास्त्रज्ञ मरिलिन ब्रुअर यांनी १९९१ मध्ये मांडली. त्यांचे म्हणणे असे की, माणसाला गटात असावेसेही वाटते आणि गटात आपण वेगळे ओळखू यावे असेही वाटते. फार वेगळे पडलो की मन गटाकडे ओढ घेते आणि फार सारखे झालो की तेच मन वेगळेपणा शोधू लागते. आपण सगळे या दोन ओढींच्या मधली जागा शोधत असतो. एकसारखा गणवेश घातलेल्या साठ मुलांच्या वर्गात कोणी दप्तराला विशिष्ट किल्लीसाखळी अडकवते, कोणी केसांचा भांग वेगळा पाडते, कोणी वहीच्या मागच्या पानावर सतत चित्रे काढते. ही मुले बंडखोर नसतात. ती आपली जागा राखत असतात. म्हणजे 'रुळणे' आणि 'स्वतःसारखे राहणे' या एकमेकांच्या विरोधातल्या गोष्टी नसून, एकाच माणसाला एकाच वेळी लागणाऱ्या गोष्टी आहेत. नव्या शाळेत पहिली गरज इतकी उपाशी असते की दुसरीचा काही काळ विसर पडतो, एवढेच.

हसण्याची जखम एवढी खोल का असते

वर्ग माझ्यावर दहा सेकंद हसला असेल. मी चार महिने गप्प राहिलो. यातला हिशेब कसा लागतो?

एक कारण वयाचे आहे. दहा-बारा वर्षांच्या पुढे मुलाला दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याचा विचार अधिक बारकाईने करता येऊ लागतो, ही बुद्धीची वाढच आहे. पण या नव्या क्षमतेचा पहिला वापर मूल स्वतःच्या विरोधात करते. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये त्याला काल्पनिक प्रेक्षकवर्ग असे नाव दिले : आपण जणू सतत रंगमंचावर आहोत आणि समोरचे सगळे आपल्याकडेच पाहत आहेत, असे या वयात वाटत राहते.

प्रत्यक्षात किती जण पाहत असतात? अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात यावर एक साधा प्रयोग झाला, तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचे मोठे चित्र असलेला टी-शर्ट घालायला दिला. त्या पिढीच्या दृष्टीने तो घालणे म्हणजे लाजिरवाणी गोष्ट होती. मग त्याला इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवले आणि थोड्या वेळाने बाहेर बोलावून विचारले की, तुझा शर्ट किती जणांच्या लक्षात आला असेल? शर्ट घालणाऱ्यांना वाटले, निम्म्यांच्या तरी. प्रत्यक्षात साधारण चौथ्या हिश्श्याच्याच लक्षात आला होता. नव्या मुलाला आपल्या चपलांकडे, डब्यातील भाकरीकडे, तेल लावलेल्या केसांकडे सारा वर्ग पाहतो आहे असे वाटते, तेव्हा ते पूर्णपणे खोटे नसते, पण ते दुप्पट झालेले असते. उरलेली मुले स्वतःच्या चपलांच्या काळजीत असतात.

दुसरे कारण शरीराच्या पातळीवरचे असू शकते. नाओमी आयझनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये संगणकावरील चेंडू टाकण्याच्या एका खेळातून माणसाला मुद्दाम वगळले आणि त्या वेळी मेंदूत काय घडते ते पाहिले. शारीरिक वेदनेच्या वेळी जो भाग सक्रिय होतो, त्यातलाच एक भाग इथेही सक्रिय झालेला दिसला. या निरीक्षणाचा नेमका अर्थ काय लावावा यावर नंतर पुष्कळ वाद झाला आहे. मात्र एक गोष्ट त्यातून घेण्यासारखी आहे : खेळ खोटा होता, समोरची माणसे अनोळखी होती आणि वगळणे काही मिनिटांचे होते, तरी लोकांना वाईट वाटले. मग रोज त्याच वर्गात, त्याच मुलांकडून, खो-खोच्या संघात सगळ्यात शेवटी घेतल्या जाणाऱ्या मुलाला काय वाटत असेल याचा अंदाज करता येतो. 'एवढं काय मनाला लावून घ्यायचं?' असे त्याला म्हणू नये. लावून घेणे त्याच्या हातात नसते.

एक सोबती पुरतो

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग नव्या शाळेतील मुलासाठी, आणि त्याहून अधिक जुन्या मुलांसाठी, फार मोलाचा आहे. एका खोलीत काही जण बसले आहेत. समोर एक रेघ आणि शेजारी तीन रेघा काढलेल्या आहेत. तीनपैकी कोणती रेघ पहिलीएवढी आहे ते एकेकाने मोठ्याने सांगायचे. प्रश्न इतका सोपा की एकट्याने सोडवताना जवळजवळ कोणीच चुकत नाही. पण खोलीतील एक जण सोडून बाकी सगळे आधीच ठरवून आलेले असतात आणि ते मधूनमधून एकमुखाने चुकीची रेघ सांगतात. तो एक बिचारा साधारण शेवटी बोलतो. स्वतःचे डोळे एक सांगत असताना त्याने काय करावे? सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी गटाबरोबर चुकीचे उत्तर दिले. जिथे गट चुकला, अशा एकूण प्रसंगांत एक तृतीयांशाहून थोडी अधिक उत्तरे गटासारखी चुकीची आली.

हा प्रयोग सांगताना बहुतेक जण इथेच थांबतात, पण खरी गोष्ट पुढे आहे. ॲश यांनी नंतर त्या खोलीत एकच माणूस असा बसवला जो बरोबर उत्तर देत होता. बाकी सगळा गट पूर्वीसारखाच चुकत होता. तेवढ्या एका सोबत्यामुळे गटापुढे मान तुकवण्याचे प्रमाण आधीच्या सुमारे एक चतुर्थांशावर आले. सगळा गट आपल्या बाजूने असण्याची आवश्यकताच नव्हती.

म्हणून नव्या मुलाला मी सांगतो की, सगळ्या वर्गाला आवडण्याचा प्रयत्न करू नकोस, एक जण शोध. आणि वर्गातील जुन्या मुलांना सांगतो की, नव्या मुलाच्या बाजूने भांडायला जायची गरज नाही, फक्त सगळे हसतात तेव्हा तुम्ही एकटे तरी हसू नका.

हे सांगण्याचा अधिकार मला माझ्या चुकीतून मिळाला आहे. मी आठवीत गेलो त्या वर्षी आमच्या वर्गात मराठवाड्यातून एक मुलगा आला. तो 'काय करायलास?' असे म्हणत असे. एव्हाना माझी भाषा पुण्याची झाली होती. वर्ग त्याला हसला तेव्हा मीही हसलो, आणि इतरांपेक्षा थोडे जास्तच हसलो, कारण हसणाऱ्यांच्या बाजूला असणे म्हणजे आपण आता इथले झालो याचा दाखला होता. त्या वर्गात त्याचे दुखणे सगळ्यात जवळून कळणारा मीच होतो, आणि त्या खोलीतला एक सोबती मला होता आले असते. त्याने माझ्याकडे पाहिले होते, ते अजून आठवते. विरघळणे म्हणजे काय हे मला विचारले तर मी हा प्रसंग सांगतो.

रीत बदलावी, नाळ नाही

मग बदलायचे काय आणि ठेवायचे काय? प्रत्येक शाळेची एक रीत असते. परिपाठाला कुठे उभे राहायचे, बाईंना 'मॅडम' म्हणायचे की 'टीचर', वही तपासायला कशी ठेवायची, डबा वर्गात खायचा की मैदानात, खेळात राज्य कोणावर येते. ही रीत शिकून घेण्यात स्वतःला गमावण्यासारखे काहीच नाही. पाहुण्या घरी गेल्यावर चपला कुठे काढतात ते पाहून आपणही तिथे काढतो, तसेच हे आहे. पहिले दोन-तीन आठवडे मुलाने बोलण्यापेक्षा पाहावे जास्त, त्यात भित्रेपणा नाही.

भाषेचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही, म्हणून त्यावर थोडे थांबतो. भंडारा-गोंदिया भागातील बोलीत 'ण' ऐवजी 'न' येतो. आम्ही 'पानी' म्हणतो आणि 'लोनी' म्हणतो. पुण्याच्या वर्गात याला 'अशुद्ध' म्हणतात. हा शब्दच चुकीचा आहे. एकोणिसाव्या शतकात शालेय पुस्तके आणि छपाई सुरू झाली तेव्हा सर्वांसाठी लेखनाचा एक नमुना ठरवणे आवश्यक झाले आणि तो मुख्यत्वे पुण्याकडील शिक्षितांच्या बोलण्यावर बेतला गेला. ती एक सोय होती आणि आजही आहे, पण त्या सोयीमुळे बाकीच्या बोली मळलेल्या ठरत नाहीत. मराठीतील आद्य गद्यग्रंथ मानले जाणारे लीळाचरित्र तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला लिहिले गेले. ज्या मुलाच्या बोलण्याला वर्ग हसतो, त्याच्या मुलखातून मराठी गद्याची सुरुवात झाली आहे, हे त्याला आणि वर्गालाही ठाऊक असायला हवे.

तरीही त्या मुलाने प्रमाण मराठी शिकावीच, कारण परीक्षा, अर्ज, मुलाखत सगळे तिच्यात चालते. इथे लोक एक चूक करतात : एक भाषा घेतली की दुसरी टाकावी लागते, असे धरून चालतात. माणूस घरी एका पद्धतीने, कार्यालयात दुसऱ्या पद्धतीने आणि गावच्या जत्रेत तिसऱ्या पद्धतीने बोलतो, आणि तिन्ही ठिकाणी तो तोच असतो. निबंधात 'मी लिहीत आहे' असे लिहायला शिकणे हे रुळणे आहे. आजीचा फोन आल्यावर मित्रांसमोर 'जेवून राहिलो' म्हणायला लाजणे आणि फोन घेऊन दुसऱ्या खोलीत जाणे, हे विरघळण्याची सुरुवात आहे. मी दोन्ही केले आहे.

यावरून मी मुलांना एक साधी कसोटी देतो. शाळेत तू जो बदल केला आहेस तो घरी मोकळेपणाने सांगता येतो का? 'मी आता फुटबॉल खेळायला लागलो' हे सांगता येते. 'मी केस वेगळे कापले' हेही सांगता येते, थोडी बोलणी खावी लागतील इतकेच. पण 'बाबा काय करतात ते मी खोटे सांगितले', 'डबा मी कचऱ्याच्या पेटीत टाकतो', 'मीही त्याला चिडवतो' हे सांगताना शब्द अडतात. जिथे शब्द अडतात तिथे आपण रीत सोडून नाळेला हात घातला आहे, असे समजावे.

मैत्रीला तास लागतात

मुले आणि पालक दोघेही मैत्री ही स्वभावाची गोष्ट समजतात. 'ती बोलकी आहे, तिचे लगेच जमते, हा लाजाळू आहे' असे म्हणतात. स्वभावाचा वाटा असतोच, पण त्याहून मोठा वाटा वेळेचा आणि जागेचा असतो. लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्ये विद्यार्थ्यांच्या एका वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की, कोणाची कोणाशी मैत्री होते हे बऱ्याच अंशी कोणाचे दार कोणाच्या दाराशेजारी आहे आणि जिना कुठे आहे यावरून ठरत होते. शाळेत दाराची जागा बाक घेतो. रोज शेजारी बसणारा, त्याच रस्त्याने घरी जाणारा, त्याच एसटीची वाट पाहणारा, हे मैत्रीचे सर्वांत मोठे उमेदवार असतात. वर्गातील सगळ्यात लोकप्रिय मुलाच्या मागे लागण्यापेक्षा बसथांब्यावरच्या मुलाशी बोलणे जास्त फळते.

कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी मैत्रीला किती तास लागतात हे मोजण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या अभ्यासात नुकतीच नव्या ठिकाणी राहायला गेलेली प्रौढ माणसे आणि महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थी होते. ओळखीतून सहज मैत्री व्हायला सुमारे ५० तास, खरी मैत्री व्हायला सुमारे ९० तास आणि जवळची मैत्री व्हायला २०० तासांहून अधिक सहवास लागतो, असा त्यांचा अंदाज होता. शाळेतील मुलांना हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण त्यातून दिशा समजते. अर्ध्या तासाची मधली सुट्टी रोज धरली तरी ५० तास भरायला १०० दिवस लागतात. म्हणजे जूनमध्ये आलेल्या मुलाची मैत्री दिवाळीच्या सुमारास जमली तर तो मागे पडलेला नाही, तो वेळेवर आहे. आणि तास लवकर भरायचे असतील तर उपायही उघड आहे : शाळा सुटल्यानंतरचा कबड्डीचा सराव, स्काउट, गॅदरिंगचे नाटक, विज्ञान प्रदर्शनाची तयारी. कामात गुंतलेल्या हातांना बोलायला विषय शोधावा लागत नाही. माझी पुण्यातील पहिली मैत्री गॅदरिंगसाठी पुठ्ठ्याचा किल्ला रंगवताना झाली. तो मुलगा आणि मी तीन दुपारी फक्त 'ब्रश दे', 'रंग संपला' एवढेच बोललो होतो.

आमच्याकडे धानाची रोवणी होते तेव्हा पऱ्हे, म्हणजे भाताची रोपे, उपटून बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, लावले की पुढचे काही दिवस ते पिवळे पडतात. नव्या माणसाला वाटते, मेले. शेतकरी तिकडे शांतपणे पाहतो, कारण मुळे नव्या चिखलात धरायला तेवढा वेळ लागतोच हे त्याला माहीत असते. तो फक्त बांधीतील पाणी राखतो. योगायोग असा की शाळा पावसाच्या तोंडाशी सुरू होते आणि रोवणीही पावसातच होते.

जिथे मुलाने बदलून काही उपयोग नाही

इथवर मी मुलाने काय करावे याबद्दल बोललो, पण हे अर्धेच आहे. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमराव आंबेडकरांना कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसायचे गोणपाट त्यांना रोज घरून आणावे आणि संध्याकाळी परत न्यावे लागे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला शिवत नसे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्या मुलाला कोणी 'जरा मिसळायला शीक' म्हटले असते तर ती क्रूरता झाली असती. दार बाहेरून बंद होते. आजही आडनावावरून, वस्तीवरून, रंगावरून, शरीरातील एखाद्या अपंगत्वावरून मुलाला दूर ठेवले जाते, तेव्हा दोष त्याच्या मिसळण्यात नसतो, आणि त्याला स्वभाव बदलायला सांगणे म्हणजे त्याच्यावर दुसरा अन्याय करणे आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यातील कलम १७ प्रमाणे शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक छळ करण्यास मनाई आहे. कलम ५ प्रमाणे दुसऱ्या शाळेत जाण्यासाठी मुख्याध्यापकांनी दाखला तात्काळ द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. खासगी शाळांत २५ टक्के जागांवर येणाऱ्या मुलांना वेगळ्या बाकावर किंवा वेगळ्या तुकडीत बसवणे हेही या कायद्याच्या हेतूविरुद्ध आहे. चिडवणे रोजचे झाले, मारहाण किंवा धमकी आली, मूल शाळेच्या वेळी पोट दुखते म्हणू लागले, तर 'रुळेल हळूहळू' म्हणून थांबू नये. वर्गशिक्षकांना लेखी कळवावे. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक मूलही स्वतः लावू शकते.

घरी आणि वर्गात

विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेफ्री बोरमन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग शिक्षक म्हणून मला फार आवडतो. सहावीत नव्या शाळेत आलेल्या तेराशेहून अधिक मुलांपैकी निम्म्यांकडून वर्षाच्या सुरुवातीला दोन छोटे लेखनाचे पाठ करून घेतले. त्यांत आधीच्या तुकडीतील मुलांचे अनुभव होते : मलाही सुरुवातीला भीती वाटली, इथे माझे कोणी नाही असे वाटले, पण तसे सगळ्यांनाच वाटते आणि ते जाते. मग मुलांनी स्वतःबद्दल लिहायचे. एवढ्यावर त्या मुलांची हजेरी सुधारली, गुण थोडे वाढले आणि शिक्षेचे प्रसंग कमी झाले. मुलांना कोणी धीर धरायला सांगितले नव्हते. त्यांना एवढेच कळले होते की ही अवस्था त्यांच्या एकट्याची नाही. हे करायला पैसे लागत नाहीत. गेल्या वर्षी आठवीत आलेल्या दोन मुलांना यंदाच्या आठवीसमोर दहा मिनिटे बोलू देणे कोणत्याही शाळेला जमेल.

घरी पालकांनी 'मित्र झाले का?' हा प्रश्न रोज विचारू नये. त्याला 'नाही' असे उत्तर देताना मूल नापास झाल्यासारखे होते. त्याऐवजी 'आज मधल्या सुट्टीत कुठे बसला होतास?', 'शेजारच्याच्या डब्यात काय होते?' असे बारीक प्रश्न विचारावेत. उत्तरांतून हळूहळू एखादे नाव वारंवार येऊ लागते. ते नाव आले की त्या मुलाला एखाद्या रविवारी घरी बोलवावे, आणि तेव्हा घरात नेहमी जे बनते तेच बनवावे आणि नेहमी जसे बोलतात तसेच बोलावे.

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात मी एक तास यासाठी राखून ठेवतो. फळ्यावर एक वाक्य लिहितो, 'भाताची रोपे शेतात लावणे', आणि विचारतो की, तुमच्या घरी, तुमच्या आजीकडे याला काय म्हणतात? मावळातील मुले 'आवणी' सांगतात. कोकणात आजोळ असलेली 'लावणी' सांगतात. मग मी 'रोवणी' लिहितो आणि सांगतो की हा माझा शब्द आहे. वर्गात थोडी कुजबुज होते. त्यानंतर मी खडू खाली ठेवतो आणि वाट पाहतो. यंदा तिसऱ्या बाकावरची एक नवी मुलगी, जी तोवर हजेरीलाही जेमतेम ऐकू येईल असे 'हजर' म्हणत होती, जागेवरूनच म्हणाली, "सर, आमच्याकडं भात नसतो. ज्वारी असते. ज्वारीचे शब्द सांगू का?"